सतरा एकांचं श्रमदान

आयुष्यात मी पुष्कळदा चुकलो आहे, पण माझ्या चुकीपायी अख्ख्या गावानं श्रमदान केलं असं एकदाच घडलं. तेव्हा मी पारनेर तालुक्यातल्या एका गावी माध्यमिक शाळेत गणित शिकवत होतो. गणितात एम.एस्सी. झालेला तालुक्यात मी एकटाच आहे असा माझा समज होता आणि तो मी स्वतःपुरता ठेवत नव्हतो. हजेरीच्या सहीपुढेसुद्धा मी पदवी लिहायचो. हेडमास्तरांनी दोनदा सांगून पाहिलं आणि मग नाद सोडला.

नव्वदच्या दशकातली ती मधली वर्षं. गावातली दहा-बारा माणसं एकदा राळेगणसिद्धीला जाऊन तिथलं पाण्याचं काम बघून आली आणि परत आल्यापासून गावाला श्रमदानाचं वेड लागलं. दर रविवारी सकाळी घरटी एक माणूस डोंगरावर हजर. उताराला आडवे चर खणायचे आणि पावसाचं पाणी त्यात अडवायचं. लहान-मोठा, गरीब-श्रीमंत असा भेद नाही. प्रत्येक उंबऱ्याला सारख्याच मापाचा चर वाटून दिलेला, आणि त्या मापावर देखरेखीला तात्या.

तात्या म्हणजे पन्नाशीचे, चौथी शिकलेले शेतकरी. बाकीच्यांच्या गळ्यात उपरणं असे, यांच्या गळ्यात मोजायची टेप. चर खणून झाला की ते टेप आत सोडायचे, वाकून आकडा वाचायचे आणि "दोन बोटं कमी हाय" म्हणून माणसाला परत खड्ड्यात उतरवायचे. सरपंचांनाही एकदा उतरवलं होतं. मोजल्याशिवाय हा माणूस काहीच मान्य करत नसे. लग्नाला गेले तरी मांडवाच्या दोन खांबांतलं अंतर पावलांनी मोजून घेत. लोक हे थट्टेनं सांगत, पण मी स्वतः पाहिलेलं आहे.

या तात्यांची मुलगी माझ्या दहावीच्या वर्गात होती. फळ्यावर मी गणित लिहीत असताना बाकीची मुलं उतरवून घेत आणि ही मात्र माझ्याआधी उत्तर काढून खडूकडे बघत बसे. माझा खडू कुठे अडखळला की तिच्या भुवया वर जात. मला त्याचा राग येई आणि अभिमानही वाटे. दहावीनंतर तिनं नगरच्या कॉलेजात सायन्सला जावं, असं मी ठरवून टाकलं होतं. तिनंही ठरवलं होतं. तात्यांनी ठरवलं नव्हतं, आणि नेमकं त्यांच्याच ठरवण्याला महत्त्व होतं.

मी त्यांच्या घरी तीन वेळा जाऊन आलो. तिसऱ्या वेळी ते म्हणाले, "गुरुजी, पोरगी हुशार हाय हे तुमी सांगताय. किती हुशार हाय, हे कोन सांगनार?"

"तात्या, सहामाहीत शंभरपैकी अठ्ठ्याण्णव आहेत तिला."

"ते बी तुमीच दिल्यालं." त्यांनी टेप गुंडाळून ठेवली. "हिच्या चुलतबहिनीला बी असंच कुनीतरी हुशार म्हनलं हुतं. नगरला घातली, तर दोन म्हयन्यात रडत परत आली. तुमच्या येका शब्दावर मी एकटी पोर तिकडं धाडू? तुमचा शब्द कुटं मोजल्याला हाय?"

शब्द मोजायचा कसा, हे मला एम.एस्सी.त शिकवलेलं नव्हतं. मी चहा पिऊन परत आलो.

बोर्डाच्या परीक्षेला महिना-दीड महिना राहिला होता, वर्गात उजळणी चालली होती आणि विषय होता मूळ संख्यांचा. ज्या संख्येला एक आणि ती स्वतः यांखेरीज कुणाचाच भाग जात नाही ती मूळ, आणि जिला जातो ती संयुक्त. एवढं सांगून पुढे जायचं, तर मला शेखी मिरवायची लहर आली. नुसत्या एकांच्या संख्या घ्या, मी म्हणालो. दोन एकं म्हणजे अकरा, ती मूळ. तीन एकं म्हणजे एकशे अकरा, ती तीन गुणिले सदतीस अशी फुटते. चार एकांना अकराचा भाग जातो. पाच एकं म्हणजे ४१ गुणिले २७१. सात एकं म्हणजे २३९ गुणिले ४६४९. अशी एकेक करत सगळी फुटत जातात.

हे पाठांतर माझं नव्हतं. माझ्याकडे एक जुनं पुस्तक होतं, त्यात सोळा एकांपर्यंतच्या सगळ्या संख्यांचे अवयव दिले होते. सतरापासून पुढचं पान उंदरांनी खाल्लं होतं. पण कॉलेजात आमच्या सरांनी यातली पुढची एक संख्या मूळ आहे असं सांगितल्याचं मला पक्कं आठवत होतं. सोळापर्यंत अकरा सोडून एकही टिकली नाही, तेव्हा ती सतरा एकांचीच असणार, असा मी हिशेब केला. उंदरांनी खाल्लेल्या पानावर मी एवढा विश्वास कशाच्या जोरावर टाकला, हे मला आजही सांगता येत नाही.

मी फळ्यावर ओळीनं सतरा एकं काढली आणि खाली लिहिलं, "मूळ संख्या."

तात्यांची मुलगी उभी राहिली. "सर, कशावरून?"

"मी सांगतो म्हणून," मी म्हणालो. वर्ग हसला. ती खाली बसली, पण बसता बसता तिनं ते वहीत लिहून घेतलं.

आठवड्यानं ग्रामसभा होती. डोंगरावर शेळ्या कुणी सोडल्या यावर तासभर भांडण झालं आणि ते मिटल्यावर तात्या उठले. "माझा येक इषय हाय. गुरुजी म्हनत्यात, सतरा येक्कं वळीनं मांडली तर त्या आकड्याला जगातल्या कुटल्याच आकड्याचा भाग जात न्हाई. हे मोजलंय का?"

सगळी सभा माझ्याकडे वळली. नाही म्हणायला मला दोन अक्षरं पुरली असती. मी म्हणालो, "तात्या, गणितात मोजावं लागत नाही."

त्या गावात बोलू नये असं एखादं वाक्य असेल तर ते हेच. शेळ्यांवरून भांडणारे दोघेही एकमेकांकडे पाहून मान हलवू लागले.

"मंग आसं करू," तात्या म्हणाले. "गाव मोजंल. तुमचा शब्द खरा निघाला, तर त्या शब्दावर पोरगी नगरला जाईल. खोटा निघाला, तर हा इषय तुमी माझ्या दारात पुन्यांदा काढायचा न्हाई."

बायकांच्या बाजूला ती बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत भीती नव्हती, विश्वास होता.

सगळ्या संख्यांनी भागायची गरज नाही, मूळ संख्यांनी भागलं की पुरे, हे मी समजावून सांगितलं. "मंग कुटवर भागायचं?" सरपंचांनी विचारलं. मी म्हणालो, साधारण साडेदहा कोटींपर्यंत. सरपंचांनी बोटांवर काहीतरी मोजून पाहिलं. "आपले उंबरे दीडशे हायेत," ते म्हणाले. तोडगा तात्यांनीच काढला. "हजारापातुर भागू. तवर कुनी फोडला न्हाई तर मी मानतो. डोंगर तरी आमी सगळा कुटं खनलाय?"

हजार म्हणजे काहीच नव्हे, हे सभेत फक्त मला कळत होतं. मी गप्प राहिलो, कारण ते माझ्या सोयीचं होतं. ठराव बुकात चढला: सतरा एकांच्या संख्येस हजाराच्या आतील मूळ संख्यांनी भागून पाहणे. सूचक, अनुमोदक, हात वर, सर्वानुमते मंजूर.

परीक्षा संपल्यावर एप्रिलातला एक रविवार ठरला. हजाराच्या आतल्या मूळ संख्या एकशे अडुसष्ट. तात्यांच्या मुलीनं त्या सगळ्या चाळून काढल्या, एकेक चिठ्ठीवर लिहिल्या आणि थैलीत भरल्या. दीडशे घरांनी दीडशे उचलल्या, उरलेल्या अठरा आम्ही मास्तरांनी वाटून घेतल्या. चिठ्ठ्या उघडल्याबरोबर कुरबूर सुरू झाली. चर सगळ्यांना सारखा असतो, मग इथं एकाला पाच आणि दुसऱ्याला नऊशे सत्त्याण्णव हा कुठला न्याय? सरपंचांना नेमका दोन निघाला. लोक असे काही बघायला लागले की त्यांनी लाजेखातर चिठ्ठी बदलून एकशे सदतीस घेतला. एकानं विचारलं, मुलगा मुंबईला आहे, तो दिवाळीला आल्यावर भागाकार केला तर चालेल का? दुसऱ्यानं, चरासाठी बदली माणूस देता येतो तर भागाकारासाठी का नाही, म्हणून शेजारगावचा भाचा आणून बसवला.

सर्वांत गुळगुळीत फरशी बुद्धविहारापुढची, म्हणून काम तिथं. घराला एक शहाबादी फरशी आणि एक खडू. शाळेतली पोरं उकिडवी बसून भागाकार करत होती आणि घरातली मोठी माणसं डोक्यावर उभी राहून त्यांना चुकवत होती. तात्या टेप गळ्यात घालून मधून फिरत होते. टेपचा उपयोग काही नव्हता, पण तिच्यावाचून त्यांचं कुणी ऐकलं नसतं. कॉलेजची दोन मुलं पडताळ्याला ठेवली होती. आलेल्या उत्तराला भाजकानं गुणायचं, बाकी मिळवायची आणि सतरा एकं परत येतात का बघायचं.

तीन हा आकडा एका म्हातारीच्या घरी गेला होता. घरात लिहिणारं कुणी नव्हतं. तिनं सतरा चिंचोके मांडले, एका एकाला एक, आणि तीन-तीन बाजूला काढत गेली. "दोन उरलं," ती म्हणाली. तात्यांनी संशयानं मला विचारलं, "हे चालतंय का?" मी म्हणालो, शंभर टक्के चालतं. दहाला, शंभराला, हजाराला तीननं भागलं की बाकी एकच राहते, म्हणून अंकांची नुसती बेरीज भागली तरी भागतं. म्हातारीला यातलं काही माहीत नव्हतं. तिला मोठा आकडा लिहिता येत नव्हता, एवढंच. पोराटोरांच्या आधी, सगळ्यांत पहिल्यांदा उठून घरी गेली ती.

ऊन वर आलं आणि मधल्या रांगेतून आरोळी आली, "गेला! भाग गेला!"

ओरडणारा पिठाच्या गिरणीचा मालक होता, आणि त्याचा भाजक त्र्याहत्तर. बाकीच्या जागी त्यानं काढलेलं शून्य मला दहा पावलांवरून दिसलं. मुलगी चिठ्ठ्यांची रिकामी थैली हातात धरून उभी होती. तिचा चेहरा एवढासा झाला. गर्दी जमली, आणि माझ्या पदवीविषयी गावाचं काय मत आहे ते मला प्रथमच मोकळेपणी ऐकू आलं.

तात्या फरशीजवळ टेकले. त्यांनी भागाकाराकडे पाहिलंच नाही. पहिल्या एकावर बोट ठेवून ते सावकाश पुढे सरकत गेले. शेवटाला पोचले, परत पहिल्यावर आले, परत मोजलं.

"सोळा हायेत," ते म्हणाले. "येक कमी."

"येकानं काय हुतंय, तात्या?" गिरणीवाला म्हणाला.

"उतरा परत."

तो परत बसला, सतरा एकं मांडली आणि बाकी आली एक. इथं खरं तर सगळं संपायला हवं होतं, पण उलट पेटलं. कारण अकराच्या घरीही बाकी एकच आली होती. सतराच्या, एकशे एकच्या आणि सरपंचांच्या एकशे सदतीसच्या घरीही. ही पाच घरं लिंबाखाली जमली. आम्ही पाचही जण फक्त एकानं हुकलोय, तर गुरुजींनीच एक एक्कं जास्त लिहिलंय, असं त्यांचं म्हणणं पडलं. सोळा करा, आमचं सगळ्यांचं बसतंय! वाईट म्हणजे ते खरंच होतं. सोळा एकांची संख्या नेमकी या पाच आकड्यांनी फुटते आणि उरतो तो आणखी एक मोठा आकडा. मी हे प्रामाणिकपणे सांगितलं आणि आगीत तेल ओतलं. "मंग आमचं काय चुकलं?" सरपंच गरजले. एक बाकी म्हणजे थोडक्यात हुकलं असं नसतं, एक काय आणि शंभर काय, हुकलं ते हुकलं, हे मी घसा फोडून सांगत होतो. एकालाही ते पटलं नाही. शेवटी तात्या म्हणाले, "ठराव सतराचा हाय," आणि लिंबाखालची सभा फुटली.

दुपारपर्यंत एकशे अडुसष्ट भागाकार झाले, पडताळेही झाले. प्रत्येक ठिकाणी काही ना काही बाकी उरली. तात्या विहाराच्या पायरीवर उभे राहून म्हणाले, "गुरुजींचा शब्द खरा. पोरगी नगरला जाईल." मला नारळ मिळाला. मी छोटंसं भाषणही केलं. त्यात सत्य, निष्ठा वगैरे शब्द होते.

लोक पांगल्यावर आम्ही फरशी पुसत होतो. मुलगी बादली खाली ठेवून म्हणाली, "सर, एक विचारू? पाच एकांचे अवयव ४१ आणि २७१. दोन्हींतून एक वजा केला की दहानं भाग जातो. सात एकांचे २३९ आणि ४६४९, त्यांतून एक वजा केला की चौदानं जातो. म्हणजे पाचाची दुप्पट, साताची दुप्पट. मग सतरा एकांचा कुणी अवयव असलाच, तर त्यातून एक वजा केल्यावर चौतीसनं भाग जायला पाहिजे ना? हजाराच्या आत तसल्या दहाच मूळ संख्या आहेत. दहा घरं पुरली असती, सर."

मी पुसायचं थांबलो. मला हे सुचलं नव्हतं. मी म्हणालो, "सिद्ध केल्याशिवाय त्याला नियम म्हणायचं नाही." वाक्य बरोबर होतं, पण म्हणण्याचं कारण वाईट होतं. मला झोंबलं होतं.

घरी येऊन मी बसलो. दोन दिवस लागले, पण नियम सिद्ध झाला. मग पुण्याला विद्यापीठात कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या माझ्या कॉलेजातल्या मित्राला मी पत्र लिहिलं. एकशे अडुसष्टांवर माझं समाधान नव्हतं, मला साडेदहा कोटींपर्यंतची पावती हवी होती. पत्रात मी लिहिलं, "तुझ्या यंत्राचे कष्ट वाचावेत म्हणून मी एक रीत शोधली आहे." मी शोधली आहे. हे तीन शब्द लिहिताना माझा हात जरासुद्धा अडखळला नाही.

मे संपता संपता उत्तर आलं. "तुझी रीत झकास आहे. एरवी बराच वेळ थांबावं लागलं असतं, हिच्यामुळे चहा संपायच्या आत काम झालं. संख्या संयुक्त आहे. २०७१७२३ गुणिले ५३६३२२२३५७. मूळ आहे ती एकोणीस एकांची. सरांनी तीच सांगितली होती. तू तेव्हा मागच्या बाकावर काय करत होतास ते मला माहीत आहे."

मी तो गुणाकार तीनदा केला. मित्राची चूक निघावी म्हणून देवाला विनवत केला. तिन्ही वेळा सतरा एकं आली, एकही कमी नाही.

पत्र मी शर्टाच्या खिशात ठेवलं आणि बारा दिवस ते तिथंच राहिलं. शर्ट बदलला की पत्र नव्या खिशात जाई. दरम्यान निकाल लागला, मुलगी केंद्रात पहिली आली. तात्या आठवडे बाजारात भेटेल त्याला सांगत होते, "आमच्या गावानं मोजल्याला आकडा हाय." राहात्याच्या पाव्हण्यांना त्यांनी कार्ड टाकलं, त्यावर मजकूर कमी आणि एकं जास्त होती. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर आकडा रंगवायचं ठरलं आणि पेंटर भिंतीची लांबी विचारून गेला. सांगितलं तर मुलीचं कॉलेज बुडतं. नाही सांगितलं तर कुणाचंच काही बुडत नाही, असं मी स्वतःला समजावत होतो. यातली निम्मी काळजी तिची होती आणि निम्मी माझ्या इभ्रतीची. दोन्ही निम्मे सारखे होते की नाही, हे मी तेव्हा तपासलं नाही.

मग एका सकाळी ती शाळेत आली. मी कॉलेजच्या प्रवेशाचा फॉर्म भरत बसलो होतो. तिनं वही पुढे केली. "सर, आता नियम म्हणता येईल का?"

तिनं तो सिद्ध केला होता. माझ्या सिद्धतेपेक्षा तिची निम्म्यानं लहान होती. मी ती दोनदा वाचली आणि मला माझी इतकी लाज वाटली की खिशातलं पत्र काढून तिच्या हातात दिलं.

तिनं वाचलं. "तुझी रीत" या शब्दांवर तिचे डोळे थांबले, हे मला दिसलं. मग तिनं पेन्सिल घेऊन गुणाकार केला, सतरा एकं आली.

"तात्यांना सांगावं लागंल, सर," ती म्हणाली.

"अगं, मग तुझं कॉलेज?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज हलला नाही. "मोजलेलं खोटं निघालं तर सांगायचं नाही का?"

मी फॉर्म घडी करून खिशात घातला आणि तिच्या मागोमाग निघालो. वाटेत मी दोनदा तिला म्हणालो, आपण उद्या सांगू. तिनं चालायचा वेग कमी केला नाही.

तात्या गोठ्यापुढे दुधाची कॅन धूत होते. मी सगळं सांगितलं. संख्या फुटते, पत्र येऊन बारा दिवस झाले, मी दडवलं. तात्यांनी कॅन उपडी घातली.

"कोन म्हनतं फुटती?"

"पुण्याचं यंत्र, चौतीसच्या रीतीनं. मी स्वतः तीनदा पडताळून पाहिलंय."

"तुमचं ऱ्हाऊ द्या." ते मुलीकडे वळले. "तू कर."

अंगणातल्या फरशीवर तिनं खडूनं गुणाकार मांडला. दहा ओळी झाल्या, बेरीज झाली. तात्या खाली टेकले आणि पहिल्या एकावर बोट ठेवून निघाले. सतरा. परत सतरा.

"मंग गावानं मोजलं त्ये?"

"ते बरोबरच होतं, तात्या," मी म्हणालो. " फक्त कमी पडलं. भाजक वीस लाखांच्याही पुढे होता."

"म्हंजी चर बराबर हुता, पानी दुसऱ्याच डोंगराव हुतं." ते उठले. "अन् ही चौतीसची रीत कुनाची?"

कुणी पाहत नसतं तर मी काय म्हणालो असतो, देव जाणे. "तिची," मी म्हणालो.

"रीत हिची. आकडा पुन्याचा. अन् चूक तेवढी तुमची."

"हो."

"ठरल्याला शब्द आठवतो का? खोटं निघालं तर पोरीचा इषय तुमी माझ्या दारात काढायचा न्हाई."

मी मान खाली घातली. मुलीनं ओठ दाबून धरले होते. माझ्या एका फुशारकीपायी या पोरीचं सगळं गेलं, असं मला वाटलं.

"तुमी काढायचा न्हाई," तात्या म्हणाले. "मी काढतो. जी पोर धाव्वीत गुरुजींची चूक धरती, तिनं त्याच गुरुजींच्या गावात ऱ्हाऊन करायचं काय? तुमच्या शब्दावर धाडत हुतो, तवा मला झोप न्हवती. तुमी शिकल्यालं मानूस, पर तुमी चुकताय. ही सांगती आन् करून दावती. हिच्या जिवावर हिला धाडतो."

मला आनंद झाला आणि अपमानही, दोन्ही सारख्याच मापाचे. मुलगी रडत होती आणि हसतही होती. तात्यांनी हात धोतराला पुसले. "आना तो फारम. कुटं सही करायची?"

मी खिशातून फॉर्म काढला. दाखवलेल्या जागी त्यांनी एकेक अक्षर कोरत सही केली, आणि फॉर्म माझ्याकडे न देता लेकीच्या हातात ठेवला.

"गुरुजींनी भरलाय," ते म्हणाले. "येकदा तपासून घे."

तिनं डोळे पुसून वरपासून खालपर्यंत तपासला. जन्मतारीख चुकली होती.